दिवा लागत नाही

"दही उजव्या हातावर घ्यायचं असतं, बाई," संचालकांच्या पत्नी म्हणाल्या. औंढेकर बाईंनी डावाच हात पुढे केला होता, कारण उजव्या हाताने त्यांनी माझे मनगट धरले होते आणि ते सोडायला त्या तयार नव्हत्या.

"जो रिकामा आहे त्यावर घाला. पोटात गेल्यावर दही हात विचारत नाही."

आमच्या संशोधन मंदिराचे संचालक डॉ. विश्वंभर पाटोदेकर यावर मोजके हसले. ते पोर्चच्या सर्वांत वरच्या पायरीवर शाल पांघरून उभे होते. कुठेही उभे राहायचे झाले की एक पायरी वरची निवडायची, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. डिसेंबर होता आणि अंबाजोगाईत सहसा न पडणारे दाट धुके त्या सकाळी उतरले होते. पोर्चसमोर उभी असलेली संस्थेची पांढरी मोटार जेमतेम ओळखू येत होती.

द्वारकाबाई औंढेकर मोडी कागद आणि ताम्रपट वाचत. महाराष्ट्रात त्या काळी हे काम करणारी माणसे थोडी होती आणि त्यांतली बरीचशी बाईंनीच शिकवलेली होती. विश्वंभरही त्यांतलेच एक; तो मात्र लवकर प्रशासनाकडे वळला, असे बाई सांगत आणि पुढे काही बोलत नसत. मी त्यांची साहाय्यक. आधी त्या वाचत आणि मी लिहून घेत असे. पुढे दोन्ही बुबुळांवर फूल पडले, तेव्हापासून मी अक्षरांचे वळण तोंडी सांगत असे आणि त्या मनात अक्षर जुळवून वाचत. उजेड आणि अंधार त्यांना कळे. एखादा ठळक रंग डागासारखा कळे. त्यापलीकडे काही नाही.

आदल्या संध्याकाळी औरंगाबादच्या नेत्ररुग्णालयातून फोन आला होता. दान केलेला डोळा आला आहे. उद्या दुपारी दोनच्या आत बाईंना इथे आणा. उशीर झाला तर थांबता येणार नाही, मागे माणसे आहेत. बाई या फोनची वाट किती वर्षे पाहत होत्या ते मला माहीत होते. त्यांनी एकच गोष्ट विचारली: ज्यांचा डोळा होता त्यांच्या घरी आज कोण असेल? त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

एसटीचा संप चालू होता. संचालकांनी स्वतः होऊन मोटार देऊ केली आणि या औदार्याची नोंद सर्वांच्या मनात नीट व्हावी म्हणून ते पहाटे उठून निरोप द्यायलाही आले.

मोटार मात्र सुरू होईना. चालक लिंबाजीने किल्ली फिरवली, इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते गप्प बसले. ग्रंथालयातले दोघे शिपाई धावत आले.

"बॅटरी नवी आहे," संचालक वरून म्हणाले. "दिवाळीनंतर दुसऱ्यांदा बदलली. थंडीने आखडली असेल."

"हो साहेब," लिंबाजी म्हणाला. होकार देताना तो मालकाच्या चेहऱ्याकडे बघत नसे, त्याच्या चपलांकडे बघे.

बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मागे बसलेल्या मला त्या दिसत होत्या. लिंबाजीने ढकलणाऱ्यांना हात केला आणि पुन्हा किल्ली फिरवली, तेव्हा बाई उजवीकडे किंचित झुकल्या. कुणी हाक मारावी आणि पुढचा शब्दच उच्चारू नये, तशा. मग मागे टेकल्या.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. माझंच."

मोटार ढकलली गेली, धक्का बसला, इंजिन धरले आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. मागे वळून पाहिले तेव्हा धुक्यात संचालकांचा हलणारा हात तेवढा दिसत होता.

केजपर्यंत सगळे ठीक चालले. धुक्यामुळे हेडलाइट लावावे लागले होते आणि काच पुसणारे वायपर सतत फिरत होते. शिवाय टेप चालू होता. संस्थेच्या मोटारीत एकच ध्वनिफीत असे, 'लोकमानस आणि विज्ञानदृष्टी' या संचालकांच्या व्याख्यानमालेची, आणि मोटार सुरू झाली की ती लावायची असा लिंबाजीला हुकूम होता. जुन्या मराठी वाङ्मयातील शकुनविचार या विषयावर संचालकांनी डॉक्टरेट मिळवली होती. आडवे जाणारे मांजर, रिकामी घागर, शिंक, कावळा, विझलेला दिवा, पुढ्यात येणारी विधवा, असे सगळे त्यांनी वर्गवार मांडले होते. उच्च शिक्षणाच्या प्रसाराबरोबर ही समजूत आपोआप गळून पडते, हा प्रबंधाचा निष्कर्ष होता. पुस्तकाला पुरस्कारही मिळाला होता. मीच त्याची मुद्रिते तपासली होती, त्यामुळे निष्कर्ष मला पाठ होता.

नेकनूरच्या पुढे टेपमधला आवाज जड होऊ लागला. "शिक्षणाने… माणूस… भयापासून…" शब्द लांबत गेले, घोगरे झाले, खोल विहिरीतून वर यावेत तसे येऊ लागले.

"विश्वंभर इतका विचारपूर्वक कधी बोलला नव्हता," बाई म्हणाल्या.

लिंबाजी हसला नाही. त्याने टेप बंद केला. हेडलाइटचा उजेड पिवळा पडून रस्त्याच्या कडेलाच संपत होता. हॉर्न दाबला तर तो घशात काही अडकल्यासारखा वाजला. मांजरसुंब्याचा फाटा जवळ आला असताना इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि मोटार स्वतःच्या वजनाने थोडी पुढे सरकून थांबली.

धुक्यातून कापूस घेऊन चाललेला एक टेम्पो आला. त्यातली माणसे उतरली आणि त्यांनी मोटार ढकलत फाट्यावरच्या गॅरेजपर्यंत पोचवली. निघताना त्यांच्यातली एक बाई खिडकीत वाकून म्हणाली, "म्हातारीला घोंगडं द्या की." बाईंनी आवाजाच्या दिशेने हात जोडले.

गॅरेज शिवलिंगप्पांचे होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कपाळावर विभूती, तोंडात सुपारी आणि बोलण्यात अखंड आत्मविश्वास. आम्ही दोन वाजेपर्यंत औरंगाबादला पोचलेच पाहिजे, असे मी सांगितले आणि का तेही सांगितले. त्यांनी बाईंकडे एकदा पाहिले, सुपारी थुंकली आणि बॉनेट उघडले.

"चार्जिंगचं दुखणं आहे. हे काय, दहा मिनिटं."

त्या दिवशी ही दहा मिनिटे मी इतक्यांदा ऐकली की आजही कुणी तो शब्दप्रयोग केला की मी आधी घड्याळ बघते.

आधी त्यांनी बॅटरीची झाकणे काढली आणि काचेच्या नळीने प्रत्येक खान्यातले ॲसिड ओढून पाहिले. नळीतला तरंगता काटा सगळीकडे सारखाच खाली बसला. "खाने सगळे सारखे. बॅटरी मेलेली नाही, उपाशी आहे," आप्पा म्हणाले. मग टोकांवरची हिरवट साय गरम पाण्याने धुतली, पकडी खरवडून घट्ट केल्या. नंतर आल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. तो हवा तितकाच दबत होता. उपाशी बॅटरीला जेवू घालणारी वस्तू म्हणजे आल्टरनेटर, ती इंजिनावर फिरते, हे त्यांनी मला पहिलीतल्या पोराला सांगावे तसे समजावले. मी ऐकून घेतले. ज्याच्या हातात आपले काम अडकले आहे त्याच्याकडून शिकवून घ्यावे लागते, एवढे विद्वत्तेच्या क्षेत्रात राहून मला कळले होते.

"दुसरी भरलेली बॅटरी द्या ना आप्पा. परत येताना आणून देते."

"माझ्याकडं आहेत त्या सगळ्या मेलेल्या, ताई. म्हणून तर माझ्याकडं आहेत. आन् ही भरायची तर लाइट गेलेली. संध्याकाळी येणार."

शेजारच्या ट्रॅक्टरला तारा जोडून त्यांनी इंजिन सुरू केले. तारा काढल्या की ते बंद पडे. दोन-तीनदा तसेच झाले. आप्पांनी मीटरच्या दोन सुया बॅटरीला टेकवल्या आणि इंजिन चालू असताना आकडा पाहिला. तो तेराच्या वर, चौदाच्या आसपास यायला हवा होता. तो अकराच्या खाली घसरत चालला होता.

"चार्जिंगचा लाल दिवा काही दाखवतो का रे?" त्यांनी लिंबाजीला विचारले.

"नाही आप्पा. दिवा लागत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग वायरिंग शाबूत आहे," आप्पा मला म्हणाले. "पळत्या गाडीत दिवा लागला की समजायचं चार्जिंग गेलं. लागत नाही म्हणजे बिघाड आतला. आल्टरनेटर उतरवतो."

मी लिंबाजीकडे पाहिले. तो मोटारीच्या मागच्या चाकाकडे बघत होता. मला त्यात काही दिसले नाही. तिथे पाहण्यासारखे काही आहे हे मला माहीत नव्हते.

धुके विरले. ऊन वर आले. आप्पांनी आल्टरनेटर उतरवला, उघडला, आतले कार्बनचे तुकडे पाहिले, प्रत्येक जोड तपासला. सगळे ठीक निघाले आणि सगळे ठीक निघणे हीच आता आमची अडचण झाली होती. बाई गॅरेजच्या बाकावर बसून होत्या. त्या अधूनमधून किती वाजले विचारत आणि मी खोटे सांगत असे. थोड्या वेळाने त्यांनी विचारणे सोडले. सावली कुठून कुठे सरकली ते त्यांना कातडीवर कळत असावे.

तेवढ्यात बीडकडे जाणारी एक काळी-पिवळी जीप थांबली. संपामुळे माणसे टपावर बसली होती, तरी चालकाने आवाज दिला, "दोघी असाल तर या, दाबून बसू."

"जाऊ या," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्याच क्षणी आप्पांनी पुन्हा बसवलेल्या आल्टरनेटरची चाचणी घेतली. ट्रॅक्टरच्या तारा लावून लिंबाजीला पाय दाबायला सांगितले, "आणखी दाब, आणखी." इंजिन किंचाळू लागले आणि मीटरचा आकडा एकाएकी उडी मारून चौदावर गेला. तारा काढल्या. इंजिन चालूच राहिले.

"बघा. झालं," आप्पा म्हणाले. "कुठंतरी कार्बन अडकला होता. जीपमध्ये हाडं मोडून घेऊ नका. ही गाडी तुम्हाला दवाखान्याच्या दारात सोडते."

मी जीपला हात केला, जा म्हणून.

बीड ओलांडले तेव्हा अकरा वाजत आले होते, म्हणजे वेळ होता. बाई पहिल्यांदाच सैल झाल्या. रुग्णालयातून परतल्यावर पहिले काय वाचायचे, यावर त्या बोलू लागल्या. एका ताम्रपटातल्या एका अक्षरावरून त्यांचा आणि एका मृत विद्वानाचा वाद राहिला होता. "त्याला तो 'ध' वाटला. मी बोट फिरवून बघितलंय, 'थ' आहे. पण बोटाचा पुरावा कोण मानतो? डोळ्यानं बघून त्याच्या फोटोसमोर सांगणार आहे." लिंबाजी हसला. पेट्रोलचा काटा खाली आला होता, म्हणून त्याने पंपावर गाडी वळवली. पंपावरच्या माणसाने नियमाप्रमाणे इंजिन बंद करायला सांगितले. लिंबाजीने ते बंद केले.

पेट्रोल भरून झाले. इंजिन एका किल्लीत सुरू झाले. बॅटरी तेवढी भरली होती. आम्ही निघालो.

गेवराईच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना उसाचे फड, आणि त्यांच्या मधोमध आधी हॉर्न गेला. लिंबाजीने एका बैलगाडीला वाट मागितली आणि हॉर्नने तो सकाळचा घोगरा आवाज काढला. मला वाटते त्या क्षणी तिघांनाही कळले. पुढे थोड्याच अंतरावर मोटार थांबली.

जवळ गॅरेज नव्हते. जी वाहने गेली ती भरून गेली. ट्रकवाल्यांना मी हात केले. एक थांबला, पण तो उलट्या दिशेने चालला होता आणि रस्ता विचारायला थांबला होता. लिंबाजी बॉनेट उघडून उभा राहिला. त्याने पट्टा दाबला, पकडी हलवल्या, सकाळपासून आप्पांनी जे जे केले ते सगळे त्याच क्रमाने पुन्हा केले. मंत्र चुकला असेल म्हणून माणूस पहिल्यापासून म्हणतो, तसे. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या सगळ्याकडे बघत होते. मला चार लिप्या येत होत्या आणि त्यांपैकी एकही त्या इंजिनावर लिहिलेली नव्हती.

"लिंबाजी," बाईंनी आतून हाक मारली. "इकडे ये. एक विचारते, हसू नकोस."

"विचारा बाई."

"किल्ली फिरवलीस की इथे, माझ्या उजव्या हाताला, एक तांबडा ठिपका उमटायचा. मागच्या वर्षी डोळे दाखवायला गेलो तेव्हा दर वेळी उमटायचा. मला बाकी काही दिसत नाही, पण तो दिसायचा. मी त्याची वाटच बघायचे. आज सकाळी दिसला नाही. मला वाटलं, माझं तेवढंही गेलं. म्हणून बोलले नाही."

लिंबाजी दारापाशी उभा होता. त्याच्या हातातले फडके खाली पडले आणि त्याने ते उचलले नाही.

"तुमचं नाही गेलं, बाई," तो म्हणाला. "दिवाच नाही तिथं."

"नाही म्हणजे?"

"काढलाय. दसऱ्याला."

"कुणी?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग संचालकांच्या चपला तिथे असाव्यात तसे जमिनीकडे पाहत सांगितले. किल्ली फिरवली की दिवा लागतो आणि गाडी सुरू झाली, निघायची वेळ आली, की तो विझतो. दसऱ्याच्या पूजेनंतर साहेब आणि बाईसाहेब देवीला निघाले, तेव्हा हे त्यांच्या नजरेस आले. पूजा झालेल्या गाडीत, पाऊल उचलायच्या वेळी, रोज डोळ्यांदेखत दिवा विझायचा. साहेब म्हणाले, निघताना हे बरं दिसत नाही. लिंबाजीने मागून हात घालून बल्ब काढला.

"आप्पांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच सपाट वाटला.

"सांगितलं की ताई. दिवा लागत नाही म्हणलो."

त्याने खोटे सांगितले नव्हते. मी नंतर अनेकदा ते संभाषण शब्दशः आठवून पाहिले. पाठात एकही अक्षर चुकीचे नव्हते.

"बल्ब फेकलास का रे?" बाईंनी विचारले.

"नाही बाई. दिवा आहे, फेकू वाटंना."

त्याने समोरचा कप्पा उघडला आणि पत्रे, फडकी, उदबत्तीचा पुडा यांच्याखालून कापराची डबी काढली. त्यात, कापराच्या चुऱ्यात, हरभऱ्याएवढा बल्ब होता. दसऱ्यापासून तो आमच्या बरोबर प्रवास करत होता.

लिंबाजीने डॅशबोर्डखाली डोके घातले, हात वर नेला आणि चाचपडत बल्ब जागेवर बसवला. किल्ली फिरवली. लाल ठिपका लागला.

"आहे," बाई म्हणाल्या. "दिसतोय मला."

उसाच्या फडातून चार माणसे आली आणि त्यांनी मोटार ढकलली. इंजिन धरले. लिंबाजीने पाय दाबला. ठिपका मंद झाला आणि गेला.

"विझला? की मला—"

"विझला, बाई."

त्यानंतर मोटार वाटेत एकदाही बंद पडली नाही. औरंगाबादपर्यंत हॉर्न खणखणीत वाजत होता.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टर आम्हाला सामोरा आला. त्याने आमची वाट पाहिली होती, ठरल्यापेक्षा जास्त. आता त्याच्या मागच्या खोलीत कुणीतरी डोळ्यावर पट्टी बांधून झोपले होते. बाईंनी विचारले, कोण आहे? त्याने सांगितले की नाव सांगता येत नाही.

"लांबून आला का तो?"

"हो. पहाटेच निघाला होता."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंत चाचपली आणि खुर्ची सापडल्यावर बसल्या. दोन्ही तळवे त्यांनी मांडीवर उताणे ठेवले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांच्या डाव्या तळहातावर मला सकाळच्या दह्याचा वाळलेला, पांढरट डाग दिसला.

दुसऱ्या दिवशी परतताना आप्पांना सांगितले. ते मोटारीपाशी उभे राहिले, आत वाकून त्यांनी दिव्याकडे पाहिले. आल्टरनेटरला पहिला घास त्या बल्बमधूनच जातो, ते म्हणाले. घास मिळाला की तो कमावता होतो आणि मग दिवा विझतो. जोरात पळवला तर कधी घासाशिवायही उठतो, तसा त्यांच्याकडे उठला. इंजिन बंद केले की पुन्हा उपाशी. "मी विचारलं होतं ना, ताई," ते म्हणाले. "तो लागत नाही म्हणला, आन् मला तेच ऐकायचं होतं." त्या वेळी त्यांच्या तोंडात सुपारी नव्हती.

संचालक बाईंना भेटायला घरी आले. "योग नव्हता," असे म्हणाले. मी त्यांना दिव्याबद्दल विचारले. त्यांना माझे विचारणे अनपेक्षित वाटले असावे, पण उत्तर त्यांनी शांतपणे दिले: बल्ब काढा असे त्यांनी कधीही सांगितले नव्हते, निघताना ते बरे दिसत नाही, एवढेच ते बोलले होते. चालकाने परस्पर काय केले याची जबाबदारी संस्था कशी घेणार? त्या आठवड्यात लिंबाजीची बदली बागेत झाली. प्रबंधाची दुसरी आवृत्ती पुढच्याच वर्षी निघाली. तिची मुद्रिते मी तपासली नाहीत.

रुग्णालयातून पुन्हा बोलावणे आले, पण तोवर काचबिंदूने बाईंच्या डोळ्यांची शीर नेली होती. नवे बुबुळ बसवून त्यामागे कुणी बघणारे उरले नव्हते. तो लाल डागही आता उमटत नसे. ताम्रपटातला 'थ' त्यांनी बोटानेच वाचला आणि बोटाचा पुरावा म्हणून छापला.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा संस्थेने अमृतमहोत्सव केला. सभागृह भरले होते. संचालक अजून संचालकच होते आणि व्यासपीठ आपसूकच पायरीने उंच होते. त्यांनी प्रास्ताविकात सांगितले की बाईंची दृष्टी गेली पण दृष्टिकोन गेला नाही. टाळ्या पडल्या. मग दीपप्रज्वलन. व्यासपीठाच्या कडेला मोठी समई होती. तेल घालून, वाती नीट करून ती लिंबाजीने ठेवली होती आणि तो आता दाराशी उभा होता. संचालकांनी बाईंच्या हातात मेणबत्ती दिली, त्यांचा हात धरून वातीपर्यंत नेला. ध्वनिक्षेपक जवळच होता.

"लागला का?" बाईंनी विचारले. संचालकांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण बाईंनी मान माझ्या बाजूला वळवली होती.

"लागला, बाई."

त्यांनी मेणबत्ती संचालकांकडे दिली. मग ऊब कुठून येते त्याचा अंदाज घेत वाकल्या आणि फुंकर मारली.

आमच्याकडे दिव्यावर फुंकर मारत नाहीत. लहान मुलाने मारली तरी घरातले कुणी ना कुणी त्याच्या तोंडावर हात ठेवते. त्या सभागृहात तीनशे माणसे होती आणि त्यांपैकी निम्म्यांनी विज्ञानदृष्टीवर भाषणे दिलेली होती. संचालकांच्या हातातली मेणबत्ती तिरकी होऊन मेण त्यांच्या शालीवर ठिबकत होते आणि ते त्यांच्या लक्षात आले नव्हते.

"वसुधा," बाई म्हणाल्या, "विझला ना?"

"विझला, बाई."

"मग चला, विश्वंभर," त्या ध्वनिक्षेपकात म्हणाल्या. "आता गाडी चालू झाली."